बेटावरचं खोपट

लग्न होऊन भीमाकाठी आले तोवर मला पाण्याची एकच जात माहीत होती, कालव्याच्या पाण्याची. माझं माहेर बारामतीच्या बाजूला, डाव्या कालव्यावर. तिथं पाणी पाळीनं यायचं. पाटकरी आदल्या दिवशी सांगून जायचा, वडील फावडं खांद्यावर टाकून दारं धरायला निघायचे आणि पाणी ठरल्या वेळी शेतात शिरायचं. वांगी, मिरची, कोथिंबीर, थोडी केळी, सगळं त्या शहाण्या पाण्यावर पिकायचं. सासर मात्र डाळजच्या पुढं, नदीच्या अगदी थडीला. तिथं पाण्याची पाळी कुणी लावली नव्हती.

नदीच्या मधोमध एक बेट होतं. आता ते धरणाच्या पोटात गेलंय. पावसाळा सोडला तर वर्षाचे बरेच महिने ते उघडं असायचं. पलीकडच्या अंगाला खोल डोह, अलीकडं गुडघाभर पाण्याचा उतार. वरच्या टोकाला लव्हाळ्याचे झुबके, बाकी नुसती वाळू, पांढरी आणि बारीक. हिवाळ्यात नदी ओसरली की सासरची माणसं त्या वाळूत चर खणून, खत भरून कलिंगडं, खरबुजं आणि काकड्या लावायची. राखणीला एक खोपट असायचं. त्यात रात्री कुणी पुरुष जाऊन झोपायचा. घर करून तिथं कुणी राहत नसे.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी थोरले दीर मुंबईहून कायमचे परत आले. ते गिरणीत होते. तिथल्या कापसाच्या धुळीनं छाती धरली असं ते म्हणत. गावानं मात्र बघताक्षणी क्षय ठरवला. त्यांच्याबरोबर माझी थोरली जाऊ आली. तिला मी आक्का म्हणायची. लग्न मुंबईतच झालेलं, त्यामुळं सासरी ती पहिल्यांदाच राहायला आलेली. ती समुद्राकाठची. खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका लहानशा बेटावर तिचं घर. वडील होडी चालवायचे. मुंबईत राहून तिची बोली बरीच पुसली गेली होती, पण एक 'गो' तेवढा जिभेवर राहिला होता.

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे मी ज्यांना आत्याबाई म्हणायची त्यांनी, थोरल्या लेकाचं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, वाकळही वेगळी केली. गोठ्याला लागून एक खोली होती, कडबा ठेवायची. ती झाडून त्या दोघांना दिली. त्या कठोर नव्हत्या. घाबरल्या होत्या. त्यांचा एक भाऊ याच दुखण्यानं गेलेला, त्याच्यामागं त्याची बायकोही गेलेली. पण भीतीनं माणूस जे बोलतो ते ऐकणाऱ्याला कठोरच लागतं. मला त्या रोज बजावायच्या, "भाकरी उंबऱ्यावर ठेवायची आन् मागं फिरायचं. बोलत बसू नगंस."

त्या खोलीत कडब्याचा भुसा उडे, खालून शेणमुताचा वास येई. दादांना, म्हणजे थोरल्या दिरांना, रात्र रात्र बसून काढावी लागे. खोकल्याची उबळ आली की सोप्यात झोपलेली माणसं जागी होत. सकाळी सगळ्यांचे चेहरे आंबलेले. घरात भांडण नव्हतं, पण भांडी जरा जोरात आपटली जात.

माघात कलिंगडाचे वेल पसरले तेव्हा आक्काला पहिल्यांदा माझ्याबरोबर बेटावर धाडलं. उतारातून लुगडं वर धरून आम्ही पलीकडं गेलो. ती वाळूवर आली आणि तिथंच बसली. दोन्ही हात वाळूत कोपरापर्यंत घातले.

"ही तर पुळण आहे गो," ती म्हणाली.

"पुळण म्हंजे?"

"समुद्राच्या काठची वाळू. आमच्या घराच्या पायरीखाली सुरू व्हायची. दार उघडलं की पाय वाळूत."

मी म्हटलं, "घरात वाळू येत आसंल मग."

"येते की. अंथरुणात येते, भातात येते. कोण काढत बसतंय?"

त्या दिवशी तिनं काम काही केलं नाही. वाऱ्याकडं तोंड करून बसली. परत येताना मात्र मनाशी ठरवूनच आली होती. संध्याकाळी मामंजी बैलांना वैरण टाकत होते, तिथं जाऊन डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. सुनेनं सासऱ्याशी असं समोर उभं राहून बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी आत चुलीपाशी होते, माझ्या हातातली भाकर तव्यावरच राहिली.

"ह्यांना घेऊन मी त्या खोपटात राहते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मोकळी हवा सांगितलीय. हितं गोठ्यात तर ह्यांचा श्वास कोंडतोय."

मामंजी काही बोलायच्या आत आत्याबाई बाहेर आल्या. "लोकं काय म्हंतील? लेकाला जित्तेपणी नदीत टाकला म्हंतील!"

"गोठ्यात टाकला म्हणतायत त्याचं काय?" आक्का म्हणाली.

मला वाटलं आता आत्याबाई हात उचलतील. पण त्या तशाच मागं फिरल्या आणि देवळीपाशी जाऊन बसल्या. मामंजींनी बराच वेळ वैरण सारखी केली. मग म्हणाले, "मिरग लागंस्तवर ऱ्हावा. मिरग लागला की घरी यायाचं. त्यात बदल न्हाय."

तिनं ते खोपट चार दिवसांत ओळखू येईनासं केलं. उसाचं पाचट आणून छप्पर दाट केलं, तुराट्यांचा कूड लिंपला, पाण्याच्या बाजूला एक पडवी काढली. तोंड नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाण्यावरून येणारा वारा सरळ आत. दादांची बाज ती पडवीत टाकायची. महिनाभरात त्यांच्या तोंडावर रंग दिसू लागला. ते बसल्या बसल्या काकड्या तोडून टोपलीत भरायचे. एकदा तर मी उतारात पाऊल टाकलं तेव्हा वाळूवर उभे राहून मला हाका मारत होते.

भाकरी घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं. रोज सकाळची कामं आटोपली की मी जायची, आणि खरं सांगायचं तर सकाळपासून त्या वेळेची वाट बघायची. बेटावर डोक्यावरून पदर घसरला तरी बघणारं कुणी नव्हतं. कुणी हाक मारत नव्हतं. आक्का आणि मी डोहाच्या बाजूला पाण्यात पाय सोडून बसायचो, केस मोकळे सोडायचो. ती तिच्या घराचं सांगायची. भरतीला चारी बाजूंनी पाणी, मग दिवसभर कुणी येत नाही, कुणाला यायचं असलं तरी पलीकडच्या काठावर ओहोटीची वाट बघत बसावं लागतं. "आपल्या घरात आपलं राज्य," ती म्हणायची. मी ऐकायची आणि मला आमचं अंगण आठवायचं, जिथं दिवसभर कुणीतरी येत असे आणि मी उठून उभी राहत असे.

घरी परतले की आत्याबाई अंगणातल्या सावलीवरून किती उशीर झाला ते ताडायच्या. "तितं काय खाल्लंस का?" "न्हाय." "बसलीस?" "न्हाय." पुढं पुढं आमचे हेही विचारू लागले. हे म्हणजे माझे मालक. एक दिवस शेताच्या बांधावर मला थांबवून म्हणाले, "तू तितं बसतीस, मला दिसतंय हितनं. उद्या तुला खोकला झाला म्हंजे?"

"तुमचा सख्खा भाऊ हाय तो," मी म्हटलं.

"म्हनूनच घरात काय बोलत न्हाय," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर आठवडाभर आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. ते स्वतः मात्र बेटावर कधी गेले नाहीत. काठावरून बघायचे, पण उतारात पाय घालत नव्हते.

वैशाखात वेल वाळले, कलिंगडं संपली. मृग लागला. आमच्याकडं टिपूस नव्हता, आभाळ निळंशार, जमीन तापलेली. मामंजींनी दिलेली मुदत झाली आणि आक्का काही परत येईना. मी निरोप घेऊन गेले की म्हणायची, "पाऊस कुठाय? पाऊस आला की येतो." आत्याबाईंनी त्यावरून घरात बोलणं टाकलं. मामंजींना गावातली माणसं विचारू लागली. मृग संपत आला तेव्हा एका सकाळी त्यांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, पण मिशी थरथरत होती.

"जाऊन सांग तिला. आज दिस मावळायच्या आत घरी यायाचं. न्हाईतर उद्या मी येऊन खोपट पाडतो."

भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन मी उतारात शिरले. पाणी गुडघ्याच्या थोडं वर लागलं. रोजच्यापेक्षा थंड. आणि तळ दिसत नव्हता. मला ते जाणवलं, पण डोक्यात मामंजींचा निरोप होता.

दादा पडवीत झोपले होते. मी आक्काला बाजूला घेऊन निरोप सांगितला. ती वाळूत बसली, गुडघ्यांना मिठी मारून.

"त्या खोलीत मी ह्यांना परत नेणार नाही."

"अगं आक्का, ते खोपट पाडतील."

"पाडू देत. परत बांधीन."

"आन् पूर आला म्हंजे?"

"पाऊस नाय, पाणी नाय, पूर कुठनं येणार?"

आम्ही हळू आवाजात भांडत होतो, दादा जागे होऊ नयेत म्हणून. ती रडली नाही. नुसती मान हलवत होती. मीच रडवेली झाले होते, कारण हा नकार घेऊन मला अंगणात उभं राहायचं होतं. तेवढ्यात माझं लक्ष पाण्याकडं गेलं. काठाशी तिचं घमेलं पालथं ठेवलेलं असे, भांडी घासायचं. ते नव्हतं. खाली डोहाकडं बघितलं तर ते भोवऱ्यात गरगर फिरत चाललेलं. पाणी लालसर झालं होतं. काटक्या, वाळलेलं गवत, फेसाचे गठ्ठे वाहत होते.

"आक्का, पानी चढतंय."

तिनं बघितलं. मग शांतपणे उठून एक तुराटी मोडली आणि पाण्याच्या कडेला रोवली. "भरती चढते तशीच उतरते. कितीपण चढली तरी तिला हद्द असते गो. बघ तू."

आम्ही दोघी त्या तुराटीकडं बघत उभ्या राहिलो. पाणी तिच्या मुळाशी आलं, मग निम्म्यापर्यंत, मग तुराटी वाकली आणि दिसेनाशी झाली. तिनं दुसरी रोवली, जरा वर. तिचंही तेच झालं. ती मात्र हट्टानं बघत होती, कुणाशी तरी पैज लावल्यासारखी.

दादा जागे झाले ते वासानं. ते याच नदीवर लहानाचे मोठे झालेले. कोपरावर उठले, हवा हुंगली आणि ओरडले, "कधीपास्नं चढतंय?"

"आत्ताच," आक्का म्हणाली. "उतरेल."

"अगं, ही नदी हाय! ही परत फिरत न्हाय. वर घाटात पाऊस झालाय. उठा, निघा दोघी."

"दोघी?" आक्का म्हणाली. "आणि तुम्ही?"

आक्कानं त्यांचा एक हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, दुसरा माझ्या. आजवर मी त्यांना कधी शिवले नव्हते. हाडं नुसती. आम्ही तिघं उतारात शिरलो. चार पावलांत पाणी कमरेला आलं. ओढ अशी की पाय टेकेपर्यंत खालची वाळू निघून जाई. मधल्या अंगाला पोचलो न पोचलो तोच दादांना उबळ आली. खोकता खोकता ते वाकले, तोंडात पाणी गेलं आणि त्यांचे पाय सुटले. त्यांच्या वजनानं मीही खाली गेले. नाकातोंडात गढूळ पाणी. मला पोहता येत नव्हतं. कुणीतरी माझी वेणी धरून ओढलं, ती आक्का होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात नवऱ्याची बंडी, अशी ती मागं मागं सरत आम्हाला वाळूवर घेऊन आली. तिघंही पालथे पडलो. उतार गेला होता. काठ आणि आमच्यात आता नदी होती.

मी उठून ओरडायला लागले. पाण्याचा आवाज एवढा वाढला होता की मलाच माझी हाक ऐकू येईना. मी खोपटात ठेवलेलं भाकरीचं फडकं सोडून हलवलं. काठावर एक गुराखी होता, त्यानं बघितलं आणि तो गावाकडं पळाला.

मग माणसं जमली. लांबून सगळी मुंगीएवढी. आत्याबाई मला हिरव्या लुगड्यावरून ओळखू आल्या. त्या पाण्याच्या अगदी कडेला आल्या होत्या आणि कुणीतरी त्यांना मागं ओढत होतं. मामंजी हातवारे करत होते. आमचे हे दिसत नव्हते.

बेट लहान होत चाललं होतं. लव्हाळी बुडाली. वेलांचे चर भरले. आक्का आता तुराट्या रोवत नव्हती. तिनं दादांना खोपटाच्या मागच्या उंचवट्यावर बसवलं, त्यांच्या पाठीला पाठ लावून स्वतः बसली, म्हणजे त्यांना टेकायला मिळावं. मला म्हणाली, "माझ्यामुळं तू अडकलीस." मी तिच्या शेजारी बसले. दादा हळूहळू म्हणत होते, "पोरगी उगीच अडाकली... पोरगी उगीच अडाकली..." त्यांचं ते बोलणं मला पाण्याहून जास्त भीती घालत होतं.

तेवढ्यात वरच्या अंगानं काहीतरी काळं येताना दिसलं. ती गुळाची काहील होती. भवानीनगरला कारखाना निघाल्यापासून आमच्याकडची गुऱ्हाळं बंद पडत चालली होती आणि काहिली अंगणात पालथ्या पडलेल्या. आमच्या शेजाऱ्याचीही तशीच. ती मोठी लोखंडी काहील बैलगाडीत घालून त्यांनी वर नेली होती आणि नदीत सोडली होती. आत आमचे हे बसले होते, हातात फळी. तरंगायला पाठीला वाळला भोपळा बांधून शेजारी बाहेरून कडी धरून पोहत होता.

काहील बेटाकडं येत नव्हती. ती स्वतःभोवती फिरत होती. हे जिवाच्या आकांतानं फळी मारायचे आणि ती आणखी जोरात फिरायची. आमच्या डोळ्यांसमोरून ती बेटाच्या बाजूनं तशीच पुढं निघून गेली. एक क्षण त्यांचं तोंड माझ्याकडं होतं. ते ओरडले, पण काय ते कळलं नाही. मग पाठ दिसली, मग वळणावरच्या बाभळींमागं सगळंच दिसेनासं झालं.

आक्कानं माझा हात घट्ट धरला होता. इतका की नखं रुतली. खोपटाचा पाण्याकडचा कूड आतल्या आत बसला आणि पडवी तिरकी झाली. दादांची बाज उचलली गेली आणि डुलत निघाली. ते बाजेकडं बघत राहिले.

ते दोघं पुन्हा कधी येतील, येतील का, काही ठाऊक नव्हतं. खाली कुठंतरी काठाला लागून, पुन्हा काहील गाडीत घालून वर नेण्यात जो वेळ गेला तेवढा लांब वेळ मी आयुष्यात पुन्हा कधी काढला नाही. पाणी घोट्यांना लागलं तेव्हा काहील परत दिसली. या खेपेला खूप वरून सोडली होती आणि शेजारी पोहत तिला रेटत होता. ती बेटाच्या टोकाला घासली, पुढं सरकली. आक्का छातीभर पाण्यात धावत गेली आणि तिनं कडी पकडली.

हे खाली उतरले. भावासमोर उभे राहिले. महिनोन् महिने दोघं एकमेकांच्या जवळ आले नव्हते. ह्यांनी दादांना उचललं, लहान पोरासारखं, आणि काहिलीत बसवलं.

"दोन खेपा करू," हे म्हणाले. "पयल्यांदा दादा आन् तू."

"दुसरी खेप व्हायाची न्हाय," शेजारी दम खात म्हणाला. "माझ्यात जोर ऱ्हायला न्हाय."

आक्का म्हणाली, "सगळे बसा. खाली बसा, कुणी हलायचं नाही. फळी माझ्याकडं द्या."

ह्यांनी फळी सोडली नाही. "वयनी, ही तुमची होडी न्हाय!"

"होडी नाय ते मला दिसतंय. पण तुम्हाला येत नाय तेपण दिसलंय. द्या."

त्यांनी दिली.

अशी वाटोळी होडी तिनं जन्मात पाहिली नव्हती. सुरुवातीला काहील तिच्याही हातात गरगरली. काठ, बेट, आभाळ, पुन्हा काठ. मला ओकारी आली. पाणी कडेवरून आत येत होतं. मग तिनं काय केलं, बाजूला वल्हवायचं सोडून ती पुढच्या कडेशी गुडघ्यावर बसली आणि फळीनं पाणी आपल्याकडं ओढायला लागली. काहिलीचं फिरणं मंदावलं. हे ओरडत होते, "काठाकडं घ्या! सरळ काठाकडं!" ती मान न वळवता म्हणाली, "सरळ नेली तर उलटंल. नदीला जाऊ द्या तिच्या वाटेनं. आपण हळूहळू कडेला सरकू." आणि खरोखर ती पाण्याशी भांडली नाही. पाणी आम्हाला खाली नेत होतं आणि दर ओढीला ती आम्हाला थोडं काठाकडं सरकवत होती. गाव मागं पडलं. देवळाचं शिखर मागं पडलं. शेजारी कडीला लोंबकळत होता, त्याचे ओठ निळे पडले होते. दादा डोळे मिटून माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. मी दोन्ही हातांनी पाणी उपसून बाहेर टाकत होते.

खालच्या गावाच्या बाभळवनात पाणी शिरलं होतं. तिथं काहील काट्यांत अडकली आणि थांबली. ह्यांनी फांदी धरली. कितीतरी वेळ कुणी उतरलं नाही. आक्काच्या तळहातांची सालटी निघाली होती. ती फळीवर डोकं टेकून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

गावातली माणसं काठाकाठानं धावत आली. सगळ्यांत पुढं आत्याबाई, अनवाणी, पाय काट्यांनी रक्ताळलेले. त्यांनी थोरल्या लेकाला चिखलातच कवटाळलं. त्याचं तोंड पदरानं पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. मग आक्काकडं वळल्या. आम्ही सगळे बघत राहिलो. त्यांनी तिच्या पाठीत एक रट्टा घातला, खरोखरीचा, जोरात.

"मारतीस व्हय माझ्या लेकाला! मिरग गेला तरी बसलीस तितं!"

आत्याबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले, ती सालटी बघितली आणि खाली बसून मोठ्यांदा रडल्या.

त्या दिवशी घरी आल्यावर दादांचं अंथरूण सोप्यात पडलं. कुणी सांगितलं नाही, मामंजींनी स्वतः घातलं. दुसऱ्या दिवशी बेट पूर्ण बुडालेलं होतं आणि खोपटाचा मागमूस नव्हता.

दादा वाचले, पण पुराच्या पाण्यानं दुखणं वाढलं. दिवाळी झाल्यावर आक्कानं परत विषय काढला. या वेळी तिनं थेट आत्याबाईंना विचारलं. तिला दादांना आपल्या घरी न्यायचं होतं, समुद्रावर. आत्याबाई म्हणाल्या, "मी येती पोचवाया. बघती कसलं घर हाय ते."

हे आणि मी सोबत गेलो. भिगवणला गाडीत बसून पुण्याला, तिथून एसटीनं घाट उतरून खाली, मग खाडीवरून होडी. होडीत बसताना मी कड घट्ट धरली होती. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते. आक्काचा भाऊ वल्हवत होता आणि आक्का पुढं बसून काठाकडं बघत होती. तिनं सांगितलं होतं तसंच होतं. चार घरं, नारळी, आणि दारापासून सुरू होणारी वाळू. त्या वाळूवर आमची पावलं सोडून कुणाचं पाऊल नव्हतं.

आत्याबाई सरळ पाण्याकडं गेल्या. ओंजळीत घेऊन एक घोट तोंडात घेतला आणि थुंकल्या. "एवढं पानी, आन् एक घोट कामाचा न्हाय!" मग तिथंच उभ्या राहिल्या. आम्ही हाका मारल्या तरी वळल्या नाहीत. लाट आली की मागं सरायच्या, गेली की पुढं.

चार दिवसांनी आम्ही निघालो तर आत्याबाईंनी गाठोडं बांधलेलं नव्हतं. ह्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "तुमी व्हा फुडं. त्याला दोन घास माझ्या हातचं जात्यात. ही भाताची मानसं, हितं भाकरी कुणाला येत न्हाय." मामंजींना काय सांगायचं असं विचारल्यावर म्हणाल्या, "काय सांगायाचं ते सांग."

त्या तिथं वर्षाच्या वर राहिल्या. दादा एका पहाटे पडवीत बसल्या बसल्याच वारले. त्यानंतर आत्याबाई परत आल्या, एकट्याच. आक्का भावाकडंच राहिली. आत्याबाईंनी तिला बोलावलं होतं, पण ती आली नाही, आणि त्यांनीही दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

अंगणात बायका जमल्या की विचारायच्या, "कसा आस्तो वं समिंदर?" आत्याबाई निवडत असलेली डाळ थोडी फिरवायच्या.

"आवाज लई करतो," त्या म्हणायच्या. "झोपू देत न्हाय." आणि थोड्या वेळानं, डाळीतच बघत, "आता हितं गप लागतं तर झोप येत न्हाय."